बोरीबंदरसमोरची अंजुमन

शाळेच्या इतिहासात मुसलमान भेटतो तो बहुतेक वेळा लढाईच्या धड्यात. कोणी सुभेदार, कोणी सरदार, कोणी बादशहा. शाळा काढणारा, वकिली करणारा, वर्गणी मागत फिरणारा मुसलमान तिथे सहसा नसतो. त्याला भेटायचं तर पुस्तक मिटून रस्त्यावर यावं लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी त्यासाठी मुंबईचा दादाभाई नौरोजी रस्ता सांगतो. कोरेगाव-साताऱ्याकडचा माणूस रेल्वेने मुंबईला गेला की बोरीबंदरला उतरून याच रस्त्यावर येतो. पण तो टॅक्सी शोधत असतो, इमारती बघत नाही.

क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंत, दीडेक किलोमीटरचा हा रस्ता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवं शहर उभं राहिलं. तेव्हा या रस्त्याचं नाव होतं हॉर्नबी रोड. १८९६ मध्ये सरकारने नियम केला, की इथल्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींचा ओटा हवा, म्हणजे पायी चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागणार नाही. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, पण कमानींची रांग एक. रस्त्याची शोभा त्या रांगेत आहे.

उत्तरेच्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट. १८६९ मध्ये बांधून झालं, आराखडा विल्यम इमर्सन यांचा. दारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंग यांनी कोरलेली, आणि त्यात राजेरजवाडे नाहीत, शेतकरी आहेत. आज या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे. शेतकऱ्यांची शिल्पं आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचं नाव एकाच दारावर आलं, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

पुढे बोरीबंदरचं स्टेशन. काम सुरू झालं १८७८ मध्ये, चाललं दहा वर्षं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हे नाव सगळ्यांना माहीत असतं; त्यांचे सहायक सीताराम खंडेराव वैद्य फारसे कोणाला आठवत नाहीत. कोरीवकामात जेजे कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. समोरच स्टीव्हन्स यांनीच बांधलेली महापालिकेची इमारत, १८९३ ची. तिचा घुमट बघा. विलायती गॉथिक धाटणीच्या अंगावर विजापूर-दिल्लीची आठवण देणारा घुमट बसवला आहे. राज्य इंग्रजांचं, पण इमारत हिंदुस्थानी दिसावी म्हणून त्यांना आपल्याच गवंड्यांच्या परंपरेकडे यावं लागलं.

आता स्टेशनकडे पाठ करून समोर पाहा. कमानी आणि घुमट्यांची एक देखणी इमारत दिसते. तीच अंजुमन-ए-इस्लामची शाळा. अंजुमन म्हणजे सभा, मंडळी. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा महंमद अली रोघे आणि त्यांच्या सोबत्यांनी ही संस्था स्थापन केली. तय्यबजी सुलेमानी बोहरा, रोघे कोकणी मुसलमान. जमाती वेगळ्या, घरच्या बोली वेगळ्या, पण मुलांनी शिकलं पाहिजे यावर एकमत. १८८० मध्ये बाबुला टँक भागात पहिली शाळा सुरू झाली. या जागेवरची इमारत पुरी झाली १८९३ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी शहराने आपली महापालिका उभी केली, त्याच वर्षी आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मुसलमानांनी आपली शाळा उभी केली.

बद्रुद्दीन तय्यबजी कोण होते, हे आपल्या मुलांना ठाऊक हवं. १८६७ मध्ये मुंबईत बॅरिस्टरी सुरू करणारे ते पहिले हिंदी माणूस. १८८६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष दादाभाई नौरोजी होते. पुढच्याच वर्षी मद्रासला ते पद तय्यबजींकडे आलं. ते काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष. महापालिकेसमोर पुतळा असलेले फिरोजशहा मेहता १८९० चे अध्यक्ष. एकाच रस्त्यावर काँग्रेसच्या तीन अध्यक्षांच्या खुणा आहेत. आणि १८९७ च्या राजद्रोह खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारला गेलेला जामीन ज्यांनी मंजूर केला, ते हायकोर्टाचे न्यायमूर्तीही हेच बद्रुद्दीन तय्यबजी.

याच रस्त्यावर पुढे सिद्धार्थ कॉलेज लागतं. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केलं. आम्हा सातारकरांना इथे थांबावंच लागतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. पुढे आमच्याच लोहमार्गावरच्या मसूर स्टेशनात उतरल्यावर, जात कळताच गाडीवाले या भावंडांना गाडीत घ्यायला तयार होईनात. दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर कशीबशी बैलगाडी मिळाली. त्या मुलाने मोठेपणी मुंबईच्या ऐन मध्यावर कॉलेज काढलं. अंजुमन आणि सिद्धार्थ या दोन्ही इमारतींमागे एकच दुखणं आहे आणि त्यावर एकच औषध: तालीम.

रस्ता संपतो हुतात्मा चौकात. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढणाऱ्यांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे गोळीबार झाला. त्या लढ्याचा बुलंद आवाज होता शाहीर अमर शेख यांचा. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ते हेच. मराठी राज्य मागताना त्यांना कोणी मराठीपणाचा दाखला विचारला नव्हता.

मधल्या काळात दुकानांच्या पाट्यांखाली इथल्या कमानी झाकून गेल्या होत्या. वास्तुविशारद, दुकानदार आणि महापालिका एकत्र आले, पाट्या शिस्तीत आणल्या, आणि २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. वारसा जपायला दर वेळी कोटींचा निधी लागतो असं नाही. पुष्कळदा आपली पाटी जरा बाजूला सरकवली तरी पुरतं.

आपल्या समाजाला गोल घुमट माहीत आहे, ताजमहाल माहीत आहे. ते बादशहांनी बांधले. बोरीबंदरसमोरची शाळा व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी बांधली. बादशहा होणं आपल्या हातात नाही. वर्गणी काढणं आहे. आजही मिनारासाठी पैसा चटकन जमतो, मुलींच्या अभ्यासिकेसाठी मागितला की लोक घड्याळाकडे बघतात. दीडशे वर्षांपूर्वीचे ते नाखुदा आणि बॅरिस्टर आपल्यापेक्षा पुढचं बघत होते. ‘या देशाच्या इतिहासात तुमचं काय?’ असं आपल्या मुलाला कोणी विचारलं, तर त्याने भांडू नये. या शाळेचा पत्ता सांगावा. मात्र तो पत्ता सांगताना, आपल्या गावात आपण काय उभं केलं याचं उत्तरही आपल्याकडे तयार असलं पाहिजे.