हरणाऱ्या उमेदवाराचा दौरा

अमेरिकेची १८६० सालची निवडणूक म्हटली की आपल्याला लिंकन आठवतो. आज आपण ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पाहू. हा प्रतिस्पर्धी म्हणजे स्टीफन डग्लस, इलिनॉयचा सिनेटर. १८५८ मध्ये लिंकनशी त्याचे सात जाहीर वादविवाद गाजले होते आणि सिनेटची जागा डग्लसनेच राखली होती.

१८६० मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरून त्याचा डेमोक्रॅटिक पक्ष फुटला. दक्षिणेतल्या गटाने ब्रेकिनरिजला वेगळं उभं केलं. 'लिंकन आला तर आम्ही संघराज्यातून बाहेर पडू', अशी भाषा तिकडे उघड सुरू झाली. ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या सभेत डग्लसला थेट विचारलं गेलं, लिंकन निवडून आला तर दक्षिणेने फुटून निघणं योग्य ठरेल का? त्याने साफ नाही म्हणून सांगितलं. दक्षिणेची मतं हवी असलेल्या माणसाने दक्षिणेतच दिलेलं हे उत्तर आहे, हे लक्षात घ्या.

ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया आणि इंडियाना इथले निकाल आले. आपण हरणार हे डग्लसने ओळखलं. मग तो घरी बसला नाही, दक्षिणेत गेला. तिथे मतं मिळायची आशा नव्हती. फुटू नका, एवढंच सांगायचं होतं. मतदानाच्या दिवशी तो अलाबामातल्या मोबील शहरात होता. लोकांच्या मतांत तो दुसरा आला, पण निर्वाचक मतं मिळाली फक्त १२; लिंकनला १८०.

२० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटून निघाली. हिवाळाभर डग्लस तडजोडीसाठी झटला. एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा तो लिंकनला जाऊन भेटला आणि पाठिंबा दिला. ३ जूनला शिकागोत त्याचं निधन झालं. वय ४८.

पण इथेच थांबलो तर आपण अर्धाच इतिहास सांगितला असं होईल. १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा याच डग्लसचा. गुलामगिरीचा प्रसार रोखणारी मिसुरीची जुनी तडजोड त्याने मोडली आणि आग भडकली. गुलामगिरी ठेवायची की नाही, हे त्या त्या प्रदेशातल्या गोऱ्या मतदारांनी ठरवावं, असं तो म्हणे. गुलामांना विचारायचा प्रश्नच नव्हता! त्याच्या पहिल्या पत्नीकडे वारशाने मिसिसिपीतला गुलामांचा मळा आला होता, त्याचं उत्पन्नही तो घेत होता.

मग या माणसाला आपण काय म्हणायचं? फुटीरतेला विरोध करताना पक्ष आणि पद दोन्ही त्याने पणाला लावलं, हे खरंच. पण देश एक राहावा म्हणताना त्या देशात लाखो माणसं दुसऱ्याच्या मालकीची आहेत, हे त्याने कधी अडचणीचं मानलं नाही. त्याचं धैर्य आणि त्याचं आंधळेपण, दोन्ही एकत्र लिहून ठेवावं लागतं. कोणी देशाच्या एकतेची हाक दिली की त्या एकतेत कोणाकोणाला धरलं आहे, हेही आपण विचारायला हवं.