सिकलसेलग्रस्ताची जखम आणि दाहनिर्देशक

क्षत ऊतकाने स्वसंरक्षणार्थ दिलेला प्रतिसाद म्हणजे दाह. त्याची रक्तात मोजता येणारी खूण म्हणजे दाहनिर्देशक. दाह हा स्वतः विकार नव्हे. रक्तस्तंभन, दाह, नवऊतकनिर्मिती आणि पुनर्रचना या चार अवस्थांपैकी तो दुसरी अवस्था होय. रक्तस्तंभनात प्लेटलेट गुठळी बांधतात. काही तासांत न्यूट्रोफिल पेशी येऊन जंतू गिळतात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांची जागा भक्षकपेशी घेतात. दाह रेंगाळला की पुढच्या अवस्था खोळंबतात. म्हणूनच त्याचे मापन.

निर्देशक द्विविध आहेत. सीआरपी हा प्रत्यक्ष निर्देशक. ते प्रथिन यकृतात तयार होते, इजेनंतर सहा-आठ तासांत वाढू लागते, साधारण 48 तासांत कमाल पातळी गाठते. कारण संपले की 19 तासांत निम्मे होते. ईएसआर अप्रत्यक्ष. दाहात फायब्रिनोजेन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि उभ्या नळीत लवकर खाली बसतात. पहिल्या तासात त्या किती मिलिमीटर उतरल्या, एवढेच इथे मोजले जाते.

तेव्हा ईएसआर दाहाप्रमाणेच पेशींच्या संख्येवर आणि आकारावरही अवलंबून आहे. साध्या रक्तक्षयात तो दाहावाचूनही वाढतो. सिकलसेल आजारात उलट घडते: विळ्याच्या आकाराच्या पेशींची चवड रचली जात नाही, आणि दाह असूनही आकडा कमी येतो.

सुरगाणा तालुक्यात हा भेद पुस्तकी राहत नाही. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांच्या या तालुक्यात रक्तक्षय आणि सिकलसेल हे दोन्ही आढळतात. आवणीच्या दिवसांत खाचरात पाय कापलेल्या दोघांचा ईएसआर सारखाच आला, तरी त्याचा अर्थ सारखा असेलच असे नाही. पांढऱ्या पेशींच्या संख्येचीही तीच गत. सिकलसेलग्रस्तात ती एरवीही चढीच असते, शिवाय केंद्रकयुक्त तांबड्या पेशी यंत्राकडून पांढऱ्या म्हणून मोजल्या जाऊ शकतात. सीआरपीचा एकच आकडाही पुरत नाही, कारण त्याची मूळ पातळी या आजारात थोडी वाढलेली असू शकते. एक-दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे अधिक सांगतात.

म्हणून आकडे वाचण्याआधी रुग्ण सिकलसेलग्रस्त आहे का, हे कळायला हवे. विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच दाखवते. वाहक कोण आणि ग्रस्त कोण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने ठरते. तो अहवाल पाहिल्याशिवाय कमी ईएसआरच्या आधारावर जखम निर्दोष ठरवू नये.