दोन वर्षांचं कॉलेज

ज्युनिअर कॉलेज म्हटलं की आपल्याला अकरावी-बारावी आठवते. दहावीचा निकाल, गुणवत्ता यादी आणि "कुठे मिळाली अॅडमिशन?" हा प्रत्येकाच्या तोंडी असलेला प्रश्न. अमेरिकेत याच नावाचा अर्थ निराळा आहे. तिथे ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज असतं. ते संपवून चार वर्षांच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येऊन बसलेल्या माझ्यासारखीला ही वाट लगेच ओळखीची वाटली. शाळेच्या पटांगणावर बास्केटबॉल खेळलेल्या सगळ्यांसाठी या वाटेचा थोडा इतिहास इथे लिहिते आहे.

अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावी 1901 मध्ये सुरू झालं. पुढे अशी कॉलेजं देशभर झाली, पण खेळाच्या मैदानात त्यांना मोठ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. कॅलिफोर्नियातल्या काही ज्युनिअर कॉलेजांनी आपल्या धावपटूंना विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरू द्यावं, अशी विनंती केली. ती फेटाळली गेली. तेव्हा त्यांनी 1938 मध्ये स्वतःचीच राष्ट्रीय संघटना काढली. तिची पहिली बास्केटबॉल स्पर्धा 1948 मध्ये मिसुरीतल्या स्प्रिंगफिल्डला झाली. दुसऱ्याच वर्षी ती कॅन्सासमधल्या हचिन्सन या लहानशा शहरात आली आणि तिथे रुजली. मुलींसाठी मात्र संघटनेत वेगळा विभाग व्हायला 1975 साल उजाडलं.

या कॉलेजांत खेळाडू येतात ते वेगवेगळ्या कारणांनी. कुणाची उंची उशिरा वाढते, कुणाचं गाव इतकं आडबाजूला की मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक तिकडे फिरकतच नाहीत. 1986 पासून विद्यापीठांनी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंसाठी किमान गुणांची अट कडक केली, तेव्हा बरेच चांगले खेळाडू या दोन वर्षांच्या कॉलेजांकडे वळले. ज्युनिअर कॉलेजचा प्रशिक्षक आसपासच्या शाळांचे सामने बघत हिंडतो, घरी फोन करतो, आईवडिलांना भेटतो, मुलीला कॉलेज दाखवायला बोलावतो. काही कॉलेजं फी, पुस्तकं आणि राहण्या-जेवण्याचा खर्च उचलतात, काही फक्त फी आणि पुस्तकं देतात, तर काही खेळासाठी एक पैसाही देत नाहीत. खेळाडूच्या हातात दोनच हंगाम असतात. तेवढ्यात खेळ दाखवायचा आणि अभ्यासही पुरा करायचा, कारण विषय राहिले तर विद्यापीठाचा प्रवेश अडतो. सगळ्यांनाच पुढची संधी मिळते असं नाही. कित्येकांचा खेळ तिथेच थांबतो.

या वाटेवरची मला सर्वांत जवळची वाटणारी खेळाडू म्हणजे शेरिल स्वूप्स. जन्म 1971 चा, टेक्सासमधल्या ब्राऊनफिल्ड या छोट्या गावातला. आईने एकटीने वाढवलेली, भावांबरोबर खेळत शिकलेली. तिला राज्यातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठाने, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने बोलावलं. तेव्हा त्यांचा मुलींचा संघ देशातल्या अव्वल संघांत होता. ऑस्टिन घरापासून सुमारे 600 किलोमीटर. ती गेली, आणि घरची आठवण सहन न होऊन काही दिवसांतच परत आली.

आपल्याकडे अशा मुलीबद्दल काय बोललं गेलं असतं ते सांगायला नको. स्वूप्सने घराजवळच्या लेवलँड गावातल्या साऊथ प्लेन्स या ज्युनिअर कॉलेजात नाव घातलं. दोन वर्षांनी, 1991 मध्ये, ती ज्युनिअर कॉलेजांतली देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. मग लबक शहरातल्या टेक्सास टेक विद्यापीठात गेली. तेही घरापासून जवळच. 1993 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओहायो स्टेटविरुद्ध तिने एकटीने 47 गुण केले आणि टेक्सास टेकने तो सामना 84-82 असा जिंकला. त्यानंतर तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, ह्यूस्टनच्या व्यावसायिक संघाबरोबर 1997 ते 2000 अशी सलग चार विजेतेपदं, आणि 2016 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान. 1997 च्या पहिल्या हंगामात तर मुलाच्या जन्मानंतर सहा आठवड्यांत ती मैदानात उतरली होती.

पदकांपेक्षा मला ते परत येणं जास्त महत्त्वाचं वाटतं. घरी परतलेल्या मुलीसाठी जवळच एक लहान कॉलेज उघडं होतं, आणि तिथे दोन वर्षं काढल्यानंतरही पुढचं दार बंद झालं नव्हतं. हे दार आपोआप तयार झालेलं नाही. मोठ्यांनी नाकारलेल्या कॉलेजांनी ते 1938 पासून हळूहळू बांधलं.

दहावीला माझे गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले होते. पॉलिटेक्निकला गेले तेव्हा कितीतरी दिवस मी शाळेच्या रस्त्याने जायचं टाळत होते. मग एकदा बाजारात आपल्या एक बाई भेटल्या. त्यांनी गुण विचारलेच नाहीत. "खेळतेस ना अजून?" एवढंच विचारलं. त्या दिवसापासून मी पुन्हा त्या रस्त्याने जाऊ लागले.

या मेळाव्याच्या तयारीत आपल्या एका मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "मी येऊन काय सांगू गं? तुम्ही सगळे कुठल्या कुठे पोचलात." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. हा लेख तिच्यासाठीच लिहिला आहे. ये गं. काही सांगू नकोस हवं तर. पटांगणावर बास्केट अजून आहे म्हणतात. बॉल मी आणते.