तात्पुरती गॅरेज फरशी

तात्पुरती गॅरेज फरशी म्हणजे मोटारगाडी ठेवण्याच्या बंदिस्त जागेत, मूळ काँक्रीटच्या तळाला न चिकटवता व त्यात भोके न पाडता अंथरलेले आणि पुन्हा उचलता येणारे आच्छादन होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आदी देशांत स्वतंत्र घराला जोडून गॅरेज असण्याची पद्धत आहे. अशा भाड्याच्या घरांत मूळ तळाला धक्का न लावता जागा स्वच्छ व वापरण्याजोगी करण्यासाठी भाडेकरू या फरशीचा उपयोग करतात.

पार्श्वभूमी

काँक्रीट सच्छिद्र असल्याने गाडीतून ठिबकणारे वंगण तेल त्यात मुरते व डाग कायमचा राहतो. थंड प्रदेशात रस्त्यावरील बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ चाकांबरोबर आत येते आणि पाणी गोठण्या-वितळण्याच्या चक्रात तळाचा पृष्ठभाग सोलवटतो. स्वतःच्या घरात यावर इपॉक्सी लेपाचा उपाय करतात. मात्र त्यासाठी तळ घासून किंवा आम्लाने खरवडून घ्यावा लागतो आणि एकदा बसलेला लेप सहज निघत नाही. त्यामुळे मालकाच्या लेखी संमतीवाचून हा उपाय भाडेकरूच्या कामाचा नसतो.

प्रकार

* पॉलिप्रोपिलीनच्या लाद्या : कडक प्लॅस्टिकच्या, साधारण १ फूट चौरस व कडांना एकमेकींत अडकणाऱ्या लाद्या. २० × २० फुटांच्या दोन गाड्यांच्या गॅरेजला अशा सुमारे ४०० लाद्या लागतात. तेल व पेट्रोल यांना त्या चांगल्या टिकतात. खालून पन्हळी असल्यास पाणी वाहून जाते व हवा खेळते. चालताना त्यांचा पोकळ आवाज होतो.
* पीव्हीसीच्या लाद्या : लवचिक, पायाला मऊ व कमी आवाजाच्या.
* पीव्हीसीची गुंडाळी : लिनोलियमप्रमाणे उलगडून अंथरायची. अंथरण्यास सोपी, परंतु वजनदार. एखादा भाग खराब झाल्यास तेवढाच बदलता येत नाही.
* कडा उंचावलेली चटई : गाडीखालील बर्फाचे पाणी व चिखल अडवून धरते.
* रबरी चटई : व्यायामासाठी किंवा उभ्याने काम करण्यासाठी सोयीची. साधे रबर तेलाने फुगते.
* फोमच्या लाद्या : गाडीच्या वजनाने दबतात, म्हणून केवळ गाडी न ठेवण्याच्या भागात वापरतात.

निवडीचे निकष

पहिला निकष ओलाव्याचा. जमिनीतील ओल बाष्परूपाने काँक्रीटमधून वर येते. अखंड चटईखाली ती कोंडल्यास बुरशी धरते आणि पांढरे क्षार साचतात. तपासणीसाठी सुमारे ४५ सेंमी चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळावर बसवून किमान १६ तास ठेवतात. त्याखाली थेंब जमल्यास किंवा काँक्रीट काळपटल्यास अखंड आच्छादनापेक्षा पन्हळीच्या लाद्या बऱ्या ठरतात.

दुसरा निकष प्रसरणाचा. तापमान ३० अंश सेल्सियसने वाढल्यास ६ मीटर लांबीची पॉलिप्रोपिलीनची फरशी अंदाजे दोन सेंमी वाढते. भिंतीलगत मोकळी जागा न सोडल्यास ती मधोमध उचलली जाते. गाडी उचलण्याच्या जॅकचा भार एकाच बिंदूवर येत असल्याने त्याखाली प्लायवुडचा तुकडा ठेवतात.

तिसरा निकष डागांचा. टायरच्या रबरातील संरक्षक द्रव्ये मऊ पीव्हीसीमध्ये उतरून तपकिरी डाग पडतात. तेथे नुकसान भाडेकरूच्या फरशीचे होते. परंतु रबरी चटईचा काळपट ठसा काँक्रीटवर उमटला, तर नुकसान मालकाच्या तळाचे होते. दुहेरी चिकटपट्टीचा गोंदही काँक्रीटच्या छिद्रांत राहतो. म्हणजेच ‘तात्पुरती’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू उचलल्यानंतर तळ पूर्ववत राहीलच असे नाही. म्हणून एखादा तुकडा कोपऱ्यात काही आठवडे ठेवून खालचा तळ पाहणे उपयुक्त ठरते.

भाडेकरार व अनामत रक्कम

तळावर डाग राहिल्यास त्याचा खर्च अनामत रकमेतून वळता होण्याची शक्यता असते. कॅलिफोर्निया राज्याच्या दिवाणी संहितेतील कलम १९५०.५ नुसार मालकास सामान्य वापराने झालेल्या झिजेसाठी कपात करता येत नाही. घर सोडल्यापासून २१ दिवसांत त्याला कपातीचा तपशील व उरलेली रक्कम द्यावी लागते. मात्र जुना डाग कोणाचा, हा वाद केवळ तोंडी सांगण्याने मिटत नाही. त्यामुळे फरशी अंथरण्यापूर्वी रिकाम्या तळाची दिनांकित छायाचित्रे घेणे आणि मालकाची लेखी संमती मिळवणे हिताचे असते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रातील शहरांत गाड्या बहुधा इमारतीखालील स्टिल्ट पार्किंगमध्ये असतात. बंदिस्त गॅरेज मुख्यतः बंगल्यांत आढळते. उघड्या पोर्चमध्ये उन्हातील अतिनील किरणांनी साधे पॉलिप्रोपिलीन ठिसूळ होते, म्हणून तेथे त्या किरणांना टिकणारा प्रकार लागतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी अशी तरतूद आहे. तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे.