विलायतेच्या वेशीवरची छाट



विडी कामगारांच्या संघटनेत उभी हयात घालविलेल्या माणसाने विलायतेत शिकावयास जाणाऱ्यांच्या नियमांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे इंग्रजी नोटिसा, आरोपपत्रे आणि कोर्टाचे निकाल वाचता वाचता शिकलेले. पण एके दिवशी तुमसर तालुक्यातील एका विडी कामगाराची मुलगी एक पत्र घेऊन संघटनेच्या कचेरीत आली. पत्र इंग्लंडातील एका विद्यापीठाचे होते. प्रवेश दिला होता, पण सशर्त. इंग्रजीच्या परीक्षेत अर्धा गुण कमी पडला होता. एकतर परीक्षा पुन्हा द्या, नाहीतर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी आमच्याकडे येऊन काही आठवडे इंग्रजीचा तयारीवर्ग पुरा करा, असा पर्याय होता. त्या वर्गाची फी निराळी, राहण्याखाण्याचा खर्च निराळा. मुलीच्या आईने पत्र हाती घेऊन एकच विचारले, "दादा, ही छाट आहे का?"

विडीच्या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामगार हजार विड्या वळून सट्टेदाराकडे नेतो. सट्टेदार त्या तपासतो आणि वाईट म्हणून काही बाजूला काढतो, तिला छाट म्हणतात. वाईट विडी बाजूला काढू नये असे कोणी म्हणत नाही. भांडण तीन गोष्टींचे असते. पाने आणि तंबाखू चांगली दिली होती काय? छाट कामगाराच्या डोळ्यांसमोर काढली काय? आणि तिचे पुढे झाले काय? पुष्कळ लढ्यांनंतर १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला. कच्च्या मालाचा पुरवठा, विड्यांची छाट आणि छाटलेल्या विड्यांची मजुरी, या तिन्हींवरचे तंटे सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने सोडवावेत, असे त्यात लिहिले गेले. त्या माऊलीच्या प्रश्नाने आम्हांला इतिहासाकडे वळविले. विलायतेच्या वेशीवर आमच्या मुलांची छाट कधीपासून निघते, आणि ती कोणत्या मापाने?

या इतिहासाचा आरंभ सनदी नोकरीच्या परीक्षेपासून धरावा लागतो. १८५५ साली लंडनात पहिली खुली परीक्षा झाली. दार सर्वांना उघडे, असा डंका होता. पण दाराची उंची पाहा. ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५० गुण, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. जी विद्या आमच्या मुलाला घरी मिळे तिचे मोल निम्मे, आणि जी इंग्रज मुलाला शाळेत मिळे तिचे दुप्पट. वयाची मर्यादा आरंभी २३ होती, ती उतरत उतरत १८७८ साली १९ वर आली. इतक्या कोवळ्या वयात समुद्र ओलांडून परभाषेत परीक्षा देणारा मुलगा कोणाच्या घरचा असणार, हे सांगावयास नको.

तरीही १८६९ साली चार हिंदी तरुण त्या परीक्षेत उतरले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बानर्जी आणि आपल्या मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी बानर्जी आणि ठाकूर यांची नावे वयाच्या संशयावरून यादीतून काढण्यात आली. कारण काय? आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, साहेब पुरी झालेली वर्षे मोजतो. कोणीही समोर बसवून विचारले असते तर घटकाभरात उलगडा झाला असता. पण सुरेंद्रनाथांना लंडनच्या उच्च न्यायासनापुढे जावे लागले. तेथे त्यांचे म्हणणे खरे ठरले आणि दोघांचीही नावे परत आली. छाटीवर तंटा करून ती फिरविल्याचे आमच्या माहितीतले हे पहिले उदाहरण होय. अन्यायाच्या मुळाशी तेथे दुष्टावा होताच असे आम्ही म्हणत नाही. दोन देशांच्या दोन गणना होत्या. परंतु निर्णय देणाऱ्याने आपलीच गणना जगाची गणना समजली, आणि समोरच्याला खोटा ठरवून मोकळा झाला.

आता याच्या उलट बाजू पाहा. १८८३ हे साल मराठी स्त्रियांच्या इतिहासात सोन्याचे आहे. त्या एका वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस आणि पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आनंदीबाईंनी अर्ज केला, त्यात आपण प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित पुऱ्या करीत नसू, हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. हेतू काय आहे आणि कोणत्या परिस्थितीतून आपण येत आहोत, हे ध्यानात घ्यावे अशी त्यांची विनंती होती. महाविद्यालयाने ती ऐकली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी त्या गेल्या, हे आपले दुर्दैव. पण दार उघडणाऱ्यांची चूक झाली असे कोणी म्हणणार नाही.

रमाबाईंची गोष्ट तर आजच्या विषयाला अगदी चिकटून आहे. संस्कृतात पंडिता, पण इंग्रजी नवखे. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी बोटीचे भाडे उभे केले. प्रथम वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहून त्यांनी इंग्रजी पक्के केले. वैद्यकी शिकण्याचा हेतू कानांच्या अधूपणामुळे सोडावा लागला. नंतर चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि तेथेच संस्कृत शिकवूही लागल्या. आज ज्याला 'फाउंडेशन कोर्स' म्हणतात तो याहून निराळा काय असतो? फरक एवढाच की तेथे शिकणारी बाई रिकाम्या हाताची मानली गेली नव्हती. तिला जे येत नव्हते ते दिले, जे येत होते ते घेतले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला रमाबाई अमेरिकेत हजर होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांच्या वाट्याला असे दार आले नाही. वर्धा जिल्ह्यात ज्यांनी पुढे सेवाग्राम वसविले ते गांधीजी तरुणपणी लंडनात बॅरिस्टरी शिकत असता लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसले, आणि १८९० च्या आरंभी लॅटिनमध्ये नापास झाले. सहा महिन्यांनी पुन्हा बसून पास झाले. ही गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. घरून पैसा येत होता म्हणून सहा महिने निभावले. ज्याच्या घरून पैसा येत नाही त्याचे नापास होणे आणि त्याचे परत फिरणे या दोन गोष्टी एकच असतात.

पुढे नियमांत तिसरी गोष्ट शिरली, ती पाळत. १९०५ साली श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनात 'इंडिया हाउस' उघडले. त्यांच्या शिष्यवृत्तीची अट होती की घेणाऱ्याने इंग्रज सरकारची नोकरी करू नये. त्याच शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये सावरकर गेले. इंग्रज सरकार सावध झाले आणि १९०७ साली सर विल्यम ली-वॉर्नर यांची समिती हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी करण्यास नेमली गेली. तिचा अहवाल दाबून ठेवण्यात आला, तो १९२२ मध्ये लिटन समितीच्या अहवालाबरोबर उजेडात आला. १९०९ साली विद्यार्थ्यांना माहिती आणि सल्ला देणारी कचेरी निघाली. सल्ला मिळे हे खरे, पण पुष्कळ विद्यार्थी तिच्याकडे हेरांची कचेरी म्हणूनच पाहत. सावरकर परीक्षा पास झाले तरी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही. कामगार-कल्याण अधिकारी मदतीला आहे की मालकाचा कान आहे, हा संशय आमच्या परिचयाचा आहे. एकाच माणसाकडे दोन्ही कामे दिली की मदतही वाया जाते.

आता ज्यांचे नाव या जिल्ह्याशी जोडलेले आहे त्यांच्याकडे येऊ. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१६ मध्ये ते लंडनात आले, पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. येथे एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. म्हणजे दार उघडे होते. बंद झाली होती ती थैली. बाबासाहेबांनी मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये डी. एस्सी. दोन बाजूंपैकी एकीने जरी सवड दिली नसती, तरी त्या पदव्या राहून गेल्या असत्या.

१९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. भंडाऱ्याला ही आठवण सुखाची नाही. पण त्याच १९५४-५५ सालापासून भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिच्यात वर्षाला १२५ जागा आहेत. अनुसूचित जातींखेरीज भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांनाही ती खुली आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्तीही २००३ पासून आहे. या योजनांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु राष्ट्रीय योजना पदव्युत्तर अभ्यास आणि पीएच. डी. एवढ्यांसाठीच आहे, आणि तिला विद्यापीठाचे बिनशर्त पत्र लागते. याचा अर्थ असा की भाषेची अट ज्याच्या पत्रात शिल्लक आहे, त्याला ती अट फेडण्यासाठी जो पैसा हवा, तो मिळण्याआधी अट फिटलेली असली पाहिजे. विहिरीत पाणी आहे, पण दोर पाणी काढल्यावर मिळेल, अशातला हा प्रकार आहे.

वेशीच्या पलीकडच्या बाजूला काय झाले तेही ऐका. इंग्लंडने परदेशी विद्यार्थ्यांकडून इंग्रजीच्या ठराविक परीक्षा मागावयास सुरुवात केली. त्यांतील एका परीक्षेच्या काही केंद्रांवर तोतये बसविले जात असल्याचे २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीने दाखविले. लबाडी झाली होती, यात शंका नाही. पण पुढे परीक्षा घेणाऱ्या संस्थेने आवाज तपासून ५८,४५८ परीक्षांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरविल्या, आणि सरकारने त्या यादीवर विसंबून हजारोंचे परवाने रद्द केले. अनेकांना आधी देश सोडा, मग बाहेरून अपील करा, असे सांगण्यात आले. सरकारने त्या संस्थेचा पुरावा स्वतः नीट पारखला नव्हता, हे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात नोंदविले. तोपर्यंत साडेतीन हजारांहून अधिक अपिले विद्यार्थ्यांच्या बाजूने लागली होती. वर्षे मात्र परत मिळाली नाहीत. आमच्याकडे आरोपपत्र न देता, चौकशी न करता कामगाराला काढले तर कोर्ट मालकाला जाब विचारते. विद्यार्थ्याला तेवढाही आधार नसावा काय?

कोणी म्हणेल, भाषा न येणाऱ्याला वर्गात बसवून उपयोग काय? म्हणणे रास्त आहे. ज्याला व्याख्यान कळत नाही त्याचे वर्ष आणि पैसा दोन्ही बुडतात. आज इंग्लंडात पदवीच्या अभ्यासाला इंग्रजीची वरची पायरी आणि त्याखालच्या पूर्वतयारीच्या अभ्यासाला एक पायरी खालची मागतात. ही रचना मुळात शहाणपणाची आहे. शिडीला खालची पायरी हवीच. आमचे म्हणणे तीन कलमांचे आहे. पहिले, त्या खालच्या पायरीचा खर्च शिष्यवृत्तीने उचलावा. कच्चा माल दिल्याशिवाय मालाला नावे ठेवू नयेत. दुसरे, छाट काढायची तर विद्यार्थ्यासमोर, कारण दाखवून, त्याचे ऐकून काढावी. तिसरे, विद्यार्थी स्वतः जे घेऊन येतो त्याचीही मोजणी व्हावी. चेल्टनहॅमने रमाबाईंचे संस्कृत मोजले होते.

दिल्ली आणि लंडन ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आपल्या गावाच्या हाती काही आहे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या भंडाऱ्यात इंग्रजी उत्तम जाणणारे वकील आहेत, शिक्षक आहेत, सेवानिवृत्त अधिकारी आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात वर्ग चालविणे आणि परीक्षेच्या फीसाठी एक लहानसा निधी उभारणे अवघड नाही. आमच्या संघटनेने आपला वाटा काढून ठेवला आहे.

त्या माऊलीला आम्ही काय उत्तर दिले, असे कोणी विचारील. आम्ही म्हणालो, "बाई, छाट अजून निघालेली नाही. विडी पुन्हा वळता येते." मुलगी परीक्षेला पुन्हा बसली आहे. निकाल यावयाचा आहे.