हाताचे वळण

अक्षराचे वळण आणि हाताचे वळण आपली भाषा एकाच शब्दाने सांगते, ते उगीच नव्हे. लिपीचा इतिहास हा डोळ्यांइतकाच हाताचाही इतिहास होय. हैदराबादेतील गौलीगुडा हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे.

गौलीगुडा व आसपासच्या पेठांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी लगतच्या जांबागेत आहे. निजामाच्या राज्यात दरबारची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही तेव्हा उर्दूतूनच चाले. त्यामुळे येथील सुशिक्षित मराठी माणसाला एकाच हाताला अनेक वळणे लावून घ्यावी लागली. पोथीची बालबोध सुट्या अक्षरांची, थांबत थांबत लिहावयाची. हिशेबाची मोडी आधी शिरोरेघ ओढून, शक्यतो टाक न उचलता धावत्या हाताने लिहावयाची. कचेरीची उर्दू तर उजवीकडून डावीकडे. कानडी, रोमी व नागरी अशा लिप्यांशी परिचय असलेल्या आमच्या कोंकणी वाचकांस याचे नवल वाटणार नाही.

आज इतरत्र चालतो तसा याही पेठेत मोबाइलच्या काचेवर अंगठा चालतो. मराठी असो, उर्दू असो वा तेलुगू, अंगठ्याची हालचाल एकच. अक्षर यंत्र घडविते. अंगठा ते केवळ निवडतो.

मेंदूही या सवयीची नोंद ठेवतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पर्शपडद्याचे फोन वापरणाऱ्या २६ आणि जुने बटणांचे फोन वापरणाऱ्या ११ व्यक्ती तपासल्या. पहिल्या गटात अंगठ्याच्या व बोटांच्या टोकांस स्पर्श होताच मेंदूचा प्रतिसाद अधिक जोरकस आढळला, आणि अंगठ्याच्या बाबतीत तो अलीकडील वापरानुसार कमीअधिक होत होता.

तेव्हा हात अडाणी झाला असे म्हणता येत नाही. त्याने नवे कसब मिळविले. परंतु फ्रान्समधील २००५ सालच्या एका प्रयोगात काही बालकांना अक्षरे हाताने लिहून, तर काहींना कळफलकावर शिकविली असता, वयाने जरा मोठ्या बालकांपैकी लिहिणाऱ्यांस ती अधिक चांगली ओळखता आली. मोडीचे भवितव्य येथेच गुंतले आहे. गेल्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली. दप्तरे मात्र उरली. जी लिपी हाताने कधी गिरविली नाही, ती डोळ्यांस परकी राहणार, असे आम्हांस वाटते.

फोन टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. घरात ज्यांना जुने वळण अवगत आहे, त्यांनी ते कागदावर मुलांच्या हाती उतरवावे, एवढेच आमचे मागणे.