व्हायोलिनच्या साथीनं रडणारा पुरुष

रॉक अँड रोल म्हटलं की आठवतात गिटार, थिरकणारे पाय आणि तरुण पोरांची मिजास. त्या मिजाशीच्या काळात एका अल्बमनं पुरुषाच्या एकटेपणाला जागा दिली. तो म्हणजे रॉय ऑर्बिसन यांचा १९६१ सालचा 'लोनली अँड ब्लू'.

ऑर्बिसन टेक्सासचे, जन्म १९३६. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सनं १९५६ मध्ये त्यांचं 'ऊबी डूबी' हे उडतं गाणं काढलं. पण त्यांचा गळा होता संथपणे उंच चढत जाणारा. तो ओळखला नॅशव्हिलमध्ये, मॉन्युमेंट कंपनीच्या फ्रेड फॉस्टर यांनी.

मार्च १९६० मध्ये 'ओन्ली द लोनली' ध्वनिमुद्रित झालं. जो मेल्सन यांच्यासोबत लिहिलेलं हे गाणं आधी एव्हर्ली ब्रदर्सना देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. ध्वनिमुद्रक बिल पोर्टर यांनी नेहमीची रीत उलटी केली. एरवी आधी तालवाद्यं पक्की करून त्यांवर बाकीचं रचत. त्यांनी सहगायकांचे हळुवार आवाज पुढे आणले आणि ताल मागे, दबका ठेवला. त्यामुळे व्हायोलिनं आणि गाणाऱ्याचा गळा यांना मोकळी जागा मिळाली. गाणं अमेरिकेत दुसऱ्या, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

रडण्याची गाणी आधीही होती. जॉनी रे यांनी १९५१ मध्ये गाजवलेलं 'क्राय' या अल्बमातही आहे. पण रे मंचावर आक्रोश करीत. ऑर्बिसन जागचे हलतही नसत. सारी उलथापालथ सुरांत.

१९६१ मध्येच आलेल्या 'रनिंग स्केअर्ड'मध्ये हे पुढे गेलं. त्यात ध्रुपद नाही. गाणं पायरीपायरीनं चढतं आणि शेवटचा उंच सूर ते चोरट्या आवाजात नव्हे, पूर्ण छातीनं लावतात. मुशायऱ्यात बसणाऱ्यांना ही ओढ ठाऊक आहे: पहिल्या मिसऱ्यात राखून ठेवलेलं दुसऱ्याच्या अखेरीस उलगडतं, तोवर श्वास रोखलेला.

आपल्याकडेही मुलगा रडला की आधी 'बायकांसारखा रडू नकोस' म्हणतात. मी ते घरात ऐकलं, मोहल्ल्यातही ऐकलं. म्हणून मला हा अल्बम महत्त्वाचा वाटतो. वाद्यवृंदाचा थाट बहुधा विजयाच्या वाट्याला येतो. इथं तो हरलेल्या माणसाच्या मागे अदबीनं उभा आहे. ऑर्बिसन १९८८ मध्ये गेले. ती अदब ध्वनिमुद्रणात राहिली.